डोंगरातील एक दिवसाची सहल
(केंद्रसंमेलनात दिलेले भाषण)



धबधबे व कडे पाहण्यासाठी मुलांना एक दिवस डोंगरात न्यावे, हा विषय मी आजच्या संमेलनासाठी मागून घेतला, तेव्हा एका ज्येष्ठ मुख्याध्यापकांनी हसून विचारले, "साहेब, आपल्या सोलापूर जिल्ह्यात डोंगर आहे कोठे?" प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा माळांचा, ज्वारीचा आणि उन्हाचा. येथे वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; महाबळेश्वरी त्याच्या दसपट पडतो. आपल्या खेड्यांतील कित्येक मुलांनी पडते पाणी पाहिले आहे ते मोटारीच्या नळातून विहिरीकाठच्या हौदात पडणारे. पाठ्यपुस्तकात 'धबधबा' हा शब्द आला की आपण फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढतो आणि पुढे जातो. म्हणूनच हा विषय आपल्यासाठी आहे. कोकणातील शिक्षकाला यावर भाषण ऐकण्याची गरज नाही.

आणि डोंगर दूर नाही. हरिश्चंद्रगडाजवळ सह्याद्रीपासून फुटलेली बालाघाटची रांग अहिल्यानगर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांतून पूर्वेकडे उतरत येते. तिच्या उत्तर अंगाचे पाणी गोदावरीला जाते, दक्षिण अंगाचे भीमेला. आपल्या जिल्ह्याची उत्तर व पूर्व सीमा या रांगेच्या पायथ्याशी टेकलेली आहे. सकाळी निघून दिवेलागणीपूर्वी परत येता येईल अशी तीन ठिकाणे तरी मला ठाऊक आहेत.

पहिले नळदुर्ग. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर. येथे बोरी नदीवर दोन किल्ल्यांना जोडणारी दगडी भिंत घालून पाणी अडविले आहे. एका बाजूस नळदुर्ग, दुसऱ्या बाजूस रणमंडळ. हे काम विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या कारकीर्दीतले, सन १६१३ चे. भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरली म्हणजे भिंतीवरून दोन वाटांनी पाणी कोसळते. त्यांना लोक 'नर' आणि 'मादी' म्हणतात. वरून नदी पडत असता आतील महालात माणूस कोरडा उभा राहू शकतो, ही त्या कारागिरांची करामत. इंग्रज अधिकारी मेडोज टेलर हा १८५३ नंतर काही वर्षे या किल्ल्यातच राहत होता.

मात्र एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नळदुर्गचे हे पडते पाणी नित्याचे नाही. किल्ल्याच्या वरच्या अंगाला अलीकडच्या काळात बोरी नदीवर धरण झाले आहे. ते भरून सांडव्यावरून वाहू लागले, तरच नर-मादी वाहतात. काही वर्षी ते मुळीच वाहत नाहीत. सहलीचा दिवस ठरविण्यापूर्वी नळदुर्गच्या एखाद्या शिक्षकाला दूरध्वनी करावा, हे बरे. अक्कलकोट तालुक्यातील शिक्षकांना येथे एक जास्तीची सोय आहे. नळदुर्गला पडणारे हेच पाणी पुढे त्यांच्या कुरनूर धरणात येते. ज्या मुलाच्या घरचा ऊस कुरनूरच्या पाण्यावर उभा आहे, त्याला नर-मादीसमोर उभे करून एवढेच सांगावे, की हे पाणी तुझ्या शेताकडे निघाले आहे. मग भूगोलाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

दुसरे ठिकाण येडशीचे रामलिंग. बार्शीहून तासाभराची वाट. पूर्वी बार्शी लाईटची अरुंद गाडी येडशीवरून लातूरला जात असे. आता तेथे रुंद मार्ग झाला आहे. घाटाच्या कुशीत, झाडीत, ओढ्याच्या वळणावर महादेवाचे देऊळ आहे. रावणाशी झुंजून घायाळ झालेला जटायू येथे पडला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. पावसाळ्यात देवळाजवळच धबधबा वाहतो. हा भाग अभयारण्यात मोडतो. तेथील माकडे धीट आहेत. भाकरीची फडकी हातात उघडी धरून चालू नये. तिसरे ठिकाण करमाळ्याकडील शाळांसाठी: जामखेडच्या पलीकडे, बीड जिल्ह्यातील सौताडा. तेथे विंचरणा नदी उंच कड्यावरून खोल दरीत उडी घेते. तिन्हींत हे दृश्य सर्वांत भव्य, आणि म्हणूनच सर्वांत जपून पाहण्याचे. दरीच्या काठापासून लांब राहूनही तो धबधबा नीट दिसतो. लहान वर्गांना तेथे नेऊ नये, असे माझे मत आहे.

आता तेथे नेऊन दाखवावयाचे काय? पुष्कळ शिक्षक येथे अडखळतात. मुले पाणी पाहतात, ओरडतात, डबे खातात आणि परत येतात. त्यातही आनंद आहेच, त्याला मी कमी लेखीत नाही. परंतु कड्याकडे बोट दाखवून एक प्रश्न विचारून पाहावा: "तुमच्या गावात विहीर खणताना कोणी पाहिली आहे?" चार हात तरी वर होतील. विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण, त्याखाली कोठे मऊ सच्छिद्र दगड, कोठे गेरूसारखा तांबडा थर, आणि पुन्हा पाषाण. कड्यात हेच थर एकावर एक रचलेले उघडे दिसतात. विहिरीत वरून खाली वाकून पाहावे लागते ते येथे समोर उभे असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा लोंढा आला. दोन लोंढ्यांच्या मध्ये दीर्घ काळ गेला, तेथे वरच्या पृष्ठाची माती झाली आणि नंतरच्या लोंढ्याखाली ती भाजून निघाली. तोच तांबडा थर. कठीण पाषाण झिजता झिजत नाही, खालचा मऊ थर मात्र पाण्याच्या माऱ्याने पोखरला जातो. मग वरचा पाषाण आधार सुटून ढासळतो. अशा रीतीने धबधबा इंचाइंचाने मागे सरकत असतो. थरांच्या सांध्यातून पाझर येतो, विहिरीचे पाणीही बहुधा तेथूनच येते. आणि ज्या काळ्या मातीत आपली ज्वारी होते, ती याच पाषाणाची झीज होऊन झालेली आहे. दगडाच्या छिद्रांत पांढरे चकचकीत स्फटिक सापडतात, ते मुलांना हाताळू द्यावेत. परंतु अभयारण्यातून व किल्ल्यातून काहीही उचलून आणू नये, हेही तेथेच शिकवावे.

गणिताच्या शिक्षकांनी नळदुर्गचा उपळी बुरूज सोडू नये. सकाळी उन्हात एक मीटरची काठी उभी करून तिची सावली मोजावी, त्याच वेळी बुरुजाची सावली मोजावी, आणि त्रैराशिकाने उंची काढावी. भर दुपारी सावली आखूड होते, म्हणून हे काम दहाच्या सुमारास उरकावे. सातवीच्या मुलांना हे उत्तर स्वतः काढल्याचा जो अभिमान वाटतो, तो पुस्तकातील पन्नास उदाहरणांनी वाटत नाही.

आता वेळेविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण माझा खरा आग्रह येथे आहे. आपल्याकडे शालेय सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. हवा चांगली असते, रस्ते कोरडे असतात, हे खरे. परंतु बालाघाटचे बहुतेक धबधबे तोपर्यंत आटलेले असतात. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. ज्या गावांतून कुटुंबे कोयते घेऊन बाहेर पडतात, तेथील काही मुले आईबापांबरोबर जातात. सहल निघते तेव्हा पटावर त्यांची नावे असतात, वर्गात ती नसतात. वर्षामागून वर्षे ज्या मुलाची सहल कधी निघालीच नाही, असे एक तरी मूल आपल्यापैकी पुष्कळांच्या शाळेत आहे. आपल्याकडे पावसाचा भर सप्टेंबरात असतो. तेव्हा डोंगरातील एक दिवसाची सहल सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, पावसाने दोन दिवस उघडीप दिल्यावर काढावी. पाणी असते, गवत असते, आणि ते मूलही असते. फक्त नवरात्राचे दिवस आणि कोजागरीच्या आगेमागेचे दिवस टाळावेत. तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी सोलापूरचे रस्ते तेव्हा भरून गेलेले असतात.

पैशाचा प्रश्न उरतो. एस. टी. महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देते, ती घ्यावी. तरीही काही मुलांकडून वर्गणी येणार नाही. अशा मुलांची नावे वर्गात वाचून दाखविण्याची चाल काही शाळांत आहे. ती तत्काळ बंद व्हावी. शाळा व्यवस्थापन समितीतील दोघातिघांना एकांतात सांगितले, तर गावात एवढे पैसे उभे राहतात. शहराजवळ पाण्यात घसरण्याच्या ज्या बागा निघाल्या आहेत, तेथे माणशी जेवढे प्रवेशशुल्क पडते, तेवढ्यात बहुधा दोन मुले रामलिंग पाहून येतील. त्या बागांना मी सहल मानीत नाही.

यानंतर भीतीविषयी बोलतो. पुष्कळ मुख्याध्यापक सहल काढीत नाहीत, ते आळसाने नव्हे, भीतीने. आणि ती भीती खोटी नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. ती पाण्याच्या मध्यभागी उभी होती आणि पाणी एकाएकी वाढले. या दुर्घटनेतून शिक्षकाने घ्यावयाचा नियम एकच: मुलांनी पाण्यात उतरावयाचे नाही. घोट्यापर्यंतही नाही, पाय धुण्यासाठीही नाही. थोडी सूट दिली की नियम उरत नाही. आपली मुले पोहणारी असतील, पण विहिरीत पोहणे वेगळे आणि वाहत्या पाण्यात शेवाळलेल्या दगडावर उभे राहणे वेगळे.

डोंगरातील ओढ्याचे पाणी आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही वाढते, कारण पाऊस वरच्या पठारावर पडलेला असतो. स्वच्छ पाणी गढूळ होणे, पाण्यावरून पालापाचोळा व काटक्या वाहत येणे, आवाज जड होणे, ही तीन चिन्हे. यांतले एक दिसले तरी मुलांना काठावरून उंचावर न्यावे. एका शाळेच्या सहलीबरोबर मी रामलिंगला गेलो होतो. मुले नुकतीच डबे सोडून बसली होती. बरोबरच्या शिक्षिकाबाई पाण्याकडे पाहत उठल्या आणि काही न बोलता सर्व मुलांना देवळामागच्या चढावर घेऊन गेल्या. मुले रुसली, एक पालकही कुरकुरले. वीस मिनिटांनी आम्ही ज्या दगडांवर बसलो होतो ते दगड दिसेनासे झाले. बाईंना पाणी किंचित तांबूस दिसले होते, एवढेच. त्यांचे माहेर नदीकाठचे होते.

दुपारनंतर वीज हा आपल्याकडील दुसरा धोका आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप एका शिक्षकाच्या भ्रमणध्वनीत असावे. गडगडाट ऐकू आला की बुरूज, माळ, एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. कड्यांना व जुन्या तटांना आग्या मोहोळ असते. दगड मारणे, धूर करणे सक्त मना. साप चावल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. मुलाला हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

चालण्याच्या शिस्तीसाठी आपल्याला परदेशी पुस्तके उघडण्याचे कारण नाही. आषाढीला आपल्याच जिल्ह्यातून पालख्या पंढरपुरास जातात. रथापुढे व रथामागे प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला असतो, दिंडीत पताकेकऱ्याची जागा ठरलेली, वीणेकऱ्याची ठरलेली. लाखोंच्या गर्दीत माणूस चुकत नाही, कारण आपल्यापुढे कोण आणि मागे कोण हे त्याला ठाऊक असते. मुलांचे तसेच करावे. जोड्या लावाव्यात, जोडीदार दिसेना की ओरडणे हे प्रत्येकाचे काम. पुढे एक शिक्षक, त्याच्यापुढे कोणी नाही. मागे एक शिक्षक, त्याच्यामागे कोणी नाही. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. प्रत्येक वळणावर मोजणी करावी आणि संख्या मोठ्याने सांगावी.

मुलींविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे. "बाई बरोबर आहेत काय?" हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो योग्य आहे. शिक्षिका नसल्यास दोन माता बरोबर घ्याव्यात. स्वच्छतागृह कोठे आहे ते आधी पाहून यावे. नसल्यास ते ठिकाण रद्द करावे. सहावी-सातवीच्या कित्येक मुली केवळ या एका अडचणीसाठी दिवसभर पाणी पीत नाहीत किंवा घरीच राहतात, आणि आपण वहीत 'अनुपस्थित' असे लिहितो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्यांपैकी एक दिवस या कामी लावता येईल. परत आल्यावर 'माझी सहल' हा ठरीव निबंध लिहून घेऊ नये. त्यात सर्वांचे सूर्य सारखेच उगवतात. त्याऐवजी प्रत्येकाने पाहिलेली एकच वस्तू लिहावी: एक थर, एक पक्षी, पाण्याचा एक आवाज. सहलीची छायाचित्रे कार्यालयाकडे पाठविली नाहीत तरी चालेल. मुलांची ती पाने पाठवावीत, मी ती वाचीन.

ज्यांना यंदा सहल काढावयाची आहे, त्यांनी ठिकाण आधी स्वतः जाऊन पाहावे आणि मगच पालकांची संमतिपत्रे व समितीचा ठराव जोडून ऑगस्टअखेर पंचायत समितीकडे अर्ज द्यावा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची नावे अर्जात वेगळी नोंदवावीत, म्हणजे परवानगी देताना तारखेचा विचार प्रथम त्यांच्यासाठी करता येईल.