शब्दाचं शेपूट बघा, मग सही करा

आज आपण बोलणार आहोत शब्दांच्या शेपटांबद्दल.

आपल्या मराठीतच बघा ना. 'काळा' म्हणजे काळा, पण 'काळसर' म्हणजे थोडासाच काळा. भांडण कुणाच्याही घरात होतं, पण 'भांडखोर' म्हटलं की तो माणसाचा स्वभावच झाला. मूळ शब्दाला शेवटी दोन अक्षरं लागली आणि अर्थ फिरला. इंग्रजीतही असंच होतं. बँकेचा अर्ज, बिल, औषधाचं पाकीट यांवर इंग्रजी शब्द असतातच. त्यांचं शेपूट ओळखता आलं, तर आपलं नुकसान टळतं.

'पे' म्हणजे पैसे देणं. 'पेयर' म्हणजे पैसे देणारी आणि 'पेयी' म्हणजे जिला पैसे मिळायचे ती. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहितात, ते यासाठीच. असा चेक रोखीत वटत नाही. ज्या बाईचं नाव, तिच्याच खात्यात पैसे जमा होतात. 'पेड' म्हणजे पैसे भरले, आणि 'पेएबल' म्हणजे अजून भरायचे आहेत. पैसे भरल्यावर हातात आलेल्या कागदावर नुसतं 'पेएबल' असेल, तर ती पावती नव्हे. 'पेड'ची पावती मागून घ्या.

'अर' आणि 'ई' ही जोडी लक्षात ठेवा. ट्रेनर शिकवते, ट्रेनी शिकते. एम्प्लॉयर कामावर ठेवतो, एम्प्लॉयी कामाला असते. विम्याच्या अर्जात 'नॉमिनी' असा रकाना असतो. तिथे स्वतःचं नाव लिहायचं नाही. आपल्यामागे पैसे ज्याच्या हाती द्यायचे, त्याचं नाव लिहायचं.

आता कर्जाचा कागद. 'बॉरोअर' म्हणजे कर्ज घेणारी. कुणी म्हणेल, "वहिनी, नुसती साक्षीची सही करा." तेव्हा सहीच्या जागेखाली काय छापलंय ते बघा. 'विटनेस' असेल तर साक्षीदार. पण 'गॅरंटर' असेल तर तुम्ही जामीनदार झालात! १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, कर्ज थकलं तर ते जामीनदाराकडूनही वसूल करता येतं. जामीन राहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण समजून ठरवा.

आणखी एक शेपूट म्हणजे 'एबल' किंवा 'इबल'. त्याचा अर्थ, तसं करता येतं. 'रिफंडेबल' अनामत परत मिळू शकते, 'नॉन-रिफंडेबल' परत मिळत नाही. गोळीच्या पाकिटावर 'च्यूएबल' असेल तर ती चावून खायची, आणि 'डिस्पर्सिबल' असेल तर पाण्यात विरघळवायची. लहान मुलांना जुलाब झाले की ओआरएससोबत झिंकची गोळी १४ दिवस देतात, ती अशीच असते. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून पाजतात. मात्रा बाळाच्या वयाप्रमाणे असते, ती आशाताईंना विचारा.

मात्र शेपूट कधी कधी फसवतं, बरं का. 'लेस' म्हणजे शिवाय, विना. 'शुगरलेस' म्हणजे बिनसाखरेचं. मग 'प्राइसलेस' म्हणजे बिनकिमतीचं, टाकाऊ? नाही! ज्याची किंमत करता येत नाही असं, अनमोल. म्हणून शेपटावरून अंदाज बांधा, आणि पैशाचा किंवा औषधाचा मामला असेल तर विचारून खात्री करा. विचारण्यात कसला आलाय कमीपणा?

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक कागद आणा. बिल, पासबुक, विम्याचा अर्ज, काहीही चालेल. शाळेत जाणाऱ्या लेकीला सोबत घ्या आणि शब्दांची शेपटं शोधा. ज्या शब्दावर गाडी अडेल, तो वहीत लिहून बँकेत विचारा. सही आपली असते, मैत्रिणींनो, तर वाचणंही आपलंच असू द्या.