आपला चहा, आपले यकृत आणि आपली हाडे
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा विषय ऐकून आपणास थोडे नवल वाटेल. इतिहास शिकविणाऱ्या मास्तराने चहावर आणि हाडांवर का बोलावे, असे कोणीही विचारील. मी डॉक्टर नाही. परंतु घरातील एका प्रसंगाने मला या विषयावर वाचावयास आणि जाणत्यांना विचारावयास भाग पाडले. तेच आज आपणापुढे मांडतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या फुफी अंगणात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. पडणे साधेच होते, हातात पाण्याची अर्धी बादली होती. त्याआधी वर्षभर पोटदुखीसाठी त्यांची सोनोग्राफी केली होती आणि त्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असे लिहिलेले होते. फुफी अंगाने काडीसारख्या. “फुफी, तुमच्या अंगावर चरबी नाही, ती लिव्हरवर कोठून आली?” असे म्हणून आम्ही हसलो आणि कागद कपाटात ठेवून दिला. हाड मोडल्यावर डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि विचारले, “दिवसातून चहा किती?” फुफी म्हणाल्या, “मोजतं कोण?” आम्ही मोजला. सहा कप निघाला. सकाळी भाकरीच्या जागी चहा आणि खारी, दुपारी भूक लागली की चहा, पाहुणा आला की त्याच्याबरोबर चहा.

यकृताच्या चरबीमुळेच हाड मोडले, असे मी म्हणणार नाही. वय होते, इतरही कारणे असतील. पण या दोहोंचा संबंध काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

यकृत म्हणजे लिव्हर. बकरी ईदला आपण जिला कलेजी म्हणतो तोच अवयव. आपल्या कातडीवर ऊन पडले की शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, पण ते कच्चे असते. त्यावर पहिला संस्कार यकृतात होतो, दुसरा मूत्रपिंडात. मग ते आतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्यास मदत करते आणि ते कॅल्शियम हाडांना मिळते. म्हणजे हाडाची कहाणी उन्हात सुरू होते आणि वाटेत यकृताच्या दारावरून जाते. यकृतावर चरबी असलेल्या अनेकांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळते, आणि काही अभ्यासांत त्यांची हाडेही विरळ आढळली आहेत. कोणत्या कारणाचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र चरबीकडे दुर्लक्ष होऊन यकृत निबर झाले, म्हणजे सिरॉसिस झाला, तर हाडे ठिसूळ होतात, याविषयी डॉक्टरांत दुमत नाही.

आता बारीक माणसाचा प्रश्न. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर जगापुढे ठेवले. 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधील आपले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही 22.3. पण अंगातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के! आपण भारतीय बाहेरून सडपातळ दिसलो तरी आतून चरबीदार असू शकतो. हे वाचले तेव्हा फुफींच्या कागदावर हसल्याची मला लाज वाटली. पुढे 2021 साली केंद्र सरकारनेही दारूशी संबंध नसलेल्या या यकृतरोगाचा समावेश राष्ट्रीय कार्यक्रमात केला. दारूला स्पर्श न करणाऱ्या घरांतही हा रोग येतो, हे आपण लक्षात घ्यावे.

मग चहा गुन्हेगार आहे काय? चहाची पत्ती गुन्हेगार नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील वृद्ध स्त्रियांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चहा पिणाऱ्यांच्या खुब्याची हाडे न पिणाऱ्यांपेक्षा थोडी अधिक भरीव आढळली. चहातील कॅफिनमुळे थोडे कॅल्शियम लघवीवाटे जाते, पण ते फार नाही. म्हणून चहा हे औषध नाही आणि विषही नाही. ‘ग्रीन टी’च्या अर्काच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांच्या मोठ्या मात्रेने यकृतालाच इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

गोम आहे ती साखरेत. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून आपला जिल्हा साखरेसाठी प्रसिद्ध आहे, आणि आपल्या कपातही ती प्रसिद्धी उतरते. हिशेब करा : सहा कप, प्रत्येकी दोन चमचे, चमच्यात पाच ग्रॅम. दिवसाला 60 ग्रॅम, महिन्याला जवळजवळ पावणेदोन किलो! जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली दिलेली मर्यादा दिवसाला सुमारे 50 ग्रॅमची आहे, आणि 25 च्या आत राहिल्यास उत्तम. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृतातच पचतो आणि जास्त झाला की त्याची चरबी होते. गुळाचा चहा घेतला म्हणून सुटका नाही, गूळही साखरेचाच भाऊ.

दुसरी गोम अधिक खोल आहे. पारनेर तालुका कमी पावसाचा, दुधाच्या पैशावर अनेकांचे घर चालते. सकाळी दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. सहा कपांतील पाव लिटर दुधातून त्याचा काही भागच मिळतो, आणि त्याबरोबर 60 ग्रॅम साखर पोटात जाते. चहाने भूक मरते, भाकरी-भाजी राहून जाते. घरातील बाई सर्वांत शेवटी जेवते, तिच्या वाट्याला पुन्हा चहाच येतो. हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंत जमा होते, पुढे ती खर्चच होते. आज वर्गात बसलेल्या आपल्या मुली याच वयात आहेत, आणि डबा न आणता चहा-बिस्किटावर शाळेत येणाऱ्या मुली मी रोज पाहतो.

म्हणून माझी विनंती थोडकी आहे. चहा सोडू नका, साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जिभेला सवय होते. जेवणाच्या एक तास आधी व नंतर चहा टाळा, कारण त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. डेअरीला दूध घालण्यापूर्वी मुलींसाठी आणि त्यांच्या अम्मीसाठी एकेक पेला बाजूला काढा. नाचणी आणि तीळ घरात येऊ द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पडदा पाळणाऱ्या भगिनींनी आपल्याच अंगणात किंवा गच्चीवर दुपारचे थोडे ऊन हातापायांवर घ्यावे, रोज चालावे. वजन जास्त असेल तर ते शेकडा पाच-सात कमी झाले तरी यकृतावरील चरबी उतरू लागते. आणि सोनोग्राफीचा कागद कपाटात ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा.

फुफी आता काठीच्या आधाराने चालतात. चहा घेतात, दोन कप, अर्ध्या चमच्याचा. त्या म्हणतात, “पहिले आठ दिवस कडू लागला, मग चहाच चहासारखा लागला.” शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिचा हिशेब द्यावयाचा आहे, तेव्हा कपांचा हिशेब आजपासूनच ठेवू या.