तळ्याचाही जीर्णोद्धार व्हावा

(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. गावकऱ्यांचे श्रम आणि दात्यांचे दान सार्थकी लागले. या मंगल प्रसंगी गावच्या तळ्याची आठवण होणे साहजिक आहे, कारण गोंदिया जिल्ह्यात देव आणि तळे ही दोन वेगळी नाहीत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. लोकांनी त्यांना कोलासुर देव मानले. जलाशयाभोवतीच्या एका टेकडीवर त्यांचे ठाणे आहे. तळे बांधणारा देवपदाला गेला, असा हा मुलूख आहे.

मत्स्यावताराची कथा सर्वांना ठाऊक आहे. शतपथ ब्राह्मणात ती फार जुन्या रूपात आढळते. मनूच्या ओंजळीत आलेला चिमुकला मासा संरक्षण मागतो, कारण मोठे मासे लहानांना गिळतात. मनू त्याला आधी घटात, मग खड्ड्यात वाढवितो आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोडतो. आजचे मत्स्यसंवर्धनही याच पायऱ्यांनी चालते. चार-पाच दिवसांचे जिरे लहान टाकीत किंवा बोडीत वाढवायचे, त्याची बोटुकली झाली की तळ्यात सोडायची. हे काम शाळेतील मुलांनाही मोठ्यांच्या देखरेखीखाली जमण्याजोगे आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मुले वर्गातील थंड पाण्याच्या टाकीत सामन माशाची अंडी जपतात आणि पिले ओढ्यात सोडतात.

परंतु मासे सोडले म्हणजे तळे वाचले, असे मात्र नाही. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तळी शासनाकडे आली. 'माजी मालगुजारी' या शब्दांवरून त्यांना 'मामा तलाव' हे नाव पडले. मामाकडे भाच्यांचे लक्ष राहिले नाही! अनेक तळी गाळाने उथळ झाली, काठाने बेशरम माजली, पाणवनस्पती नाहीशा झाल्या आणि मासळी घटली. त्याची झळ प्रथम ढिवर बांधवांच्या चुलीला लागली.

कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करीत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. पूर्वी त्यांचे बीज मुख्यतः नद्यांतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांची वीण घडविली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तरीही ही मासळी तळ्यात दरवर्षी नव्याने सोडावी लागते. याउलट मरळ तळ्यातच पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करते आणि पिलांची राखण करते. ती वनस्पती उपटली गेली की मरळीचा पाळणाच मोडतो.

हे ओळखून अर्जुनी-मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवरांच्या सहकारी संस्था यांनी एकत्र काम केले. निमगावजवळच्या नव तलावात बेशरम उपटली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि मग स्थानिक मासे सोडले. आधी घर, मग पाहुणा, असा हा क्रम आहे.

शाळेनेही हाच क्रम धरावा. उन्हाळ्यात मुलांनी ढिवर वडीलधाऱ्यांकडून मासे व वनस्पतींची नावे विचारून वहीत लिहून घ्यावीत. बेशरम उपटण्याचे श्रमदान मोठ्यांनी करावे. जुलैत, ज्या संस्थेकडे तळ्याचा ठेका आहे तिच्या संमतीने, शासकीय मत्स्यबीज केंद्रातून बीज आणावे. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड घालून मुलांनी ते बोडीतल्या बारीक जाळीत वाढवावे. सोडताना पिशवी पंधरा मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्यावी, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे; एकदम ओतल्यास पिले दगावतात. आफ्रिकन मांगूर, ज्यावर देशात बंदी आहे, तो किंवा काचेच्या पेटीतले शोभेचे मासे पुण्य म्हणूनही तळ्यात टाकू नयेत. ते स्थानिक मासळीच्या मुळावर येतात. निर्माल्यही पाण्यात न सोडता खताच्या खड्ड्यात जावे.

दात्यांनी मंदिरासाठी सढळ हाताने दिले. जाळ्यांना आणि बीजाला त्या मानाने फार थोडे लागेल. कळसाकडे पाहणाऱ्याला खाली तळ्यात त्याचे प्रतिबिंब दिसावे आणि त्या प्रतिबिंबाखाली मुलांनी वाढविलेली पिले फिरत असावीत. तेव्हाच हा जीर्णोद्धार पुरा झाला, असे म्हणता येईल. त्यासाठी गावाला सुबुद्धी आणि बळ लाभो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.