धुक्याचे शिल्प आणि दारातली रांगोळी

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वेरूळचा कातळ येतो. शतकानुशतके टिकते ते शिल्प, अशी आपली समजूत. आज मी ज्या जपानी कलावतीविषयी बोलणार आहे, त्या फुजिको नाकाया यांची शिल्पे मात्र क्षणभरही एका आकारात राहत नाहीत. कारण ती धुक्याची आहेत.

फुजिकोबाईंचा जन्म १९३३चा, साप्पोरो शहरातला. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत, सशाच्या केसावर, कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवला होता. मुलगी चित्रकार झाली, व्हिडिओकलेतही रमली. पण वडिलांचे आभाळाचे वेड तिच्यातही उतरले.

ओसाका येथे १९७० मध्ये जागतिक प्रदर्शन भरले. तिथल्या पेप्सी दालनाचा पांढरा घुमट धुक्याने झाकायचे काम फुजिकोबाईंकडे आले. रंगभूमीवर वापरतात तसा रासायनिक धूर त्यांना नको होता. माणसाला आत शिरता यावे, मोकळा श्वास घेता यावा, अंग ओले व्हावे, असे खरे धुके त्यांना हवे होते. थॉमस मी नावाच्या अमेरिकी मेघशास्त्रज्ञाने मार्ग काढला. शुद्ध पाणी मोठ्या दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांतून सोडायचे. अशी सुमारे अडीच हजार नोझल त्या छतावर बसवली गेली.

पंप माणसाचा; आकार मात्र वारा, ऊन आणि हवेतला दमटपणा देणार. म्हणूनच त्यांच्या शिल्पांना जवळच्या हवामान केंद्राचा क्रमांक दिलेला असतो. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयातले १९९८चे शिल्प आहे क्रमांक ०८०२५. मला यात जुना जपानही दिसतो. सोळाव्या शतकातल्या हासेगावा तोहाकु यांनी पडद्यांवर शाईने पाइनची झाडे रंगवली आणि मधला कागद कोरा सोडला. तो कोरा कागद म्हणजेच धुके!

आता प्रश्न असा, की असे शिल्प संग्रहालयाने जपायचे कसे? वस्तू तर हाती उरतच नाही. जपायची ती रीत: छिद्रांची मांडणी, पाण्याची शुद्धता, वाऱ्याची ओळख.

आपल्याला हे नवे नाही. दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत विस्कटते, तरी पिढ्यान् पिढ्या राहिली. कारण एका हाताने ती दुसऱ्या हाताला शिकवली. आज आमच्या इमारतीत अनेक उंबऱ्यांवर रांगोळीचे स्टिकर आहेत. छान दिसतात, वर्षभर टिकतातही. यंत्राला माझा विरोध नाही. फुजिकोबाईंचे धुकेही यंत्रातूनच येते. पण त्यांचे यंत्र वाऱ्याला जागा ठेवते. स्टिकर बोटांना जागा ठेवत नाही. ते वर्षभर टिकेल, पण त्या घरातल्या मुलीला ठिपक्यांची रांगोळी येणार नाही. मग खरे नाशवंत कोणते, ते आपणच ठरवायचे.