दात पांढरे करायचेत? आधी मशेरीचा डबा बघा

मीरा रोडच्या आमच्या बचत गटात परवा विषय निघाला, दात पांढरे कसे करायचे? कुणी लिंबू-मीठ सांगितलं, कुणी कोळशाची पूड. पण त्यानं दातावरचं कवच झिजतं आणि ते पुन्हा येत नाही. डाग दंतवैद्याकडूनच साफ करून घ्यावेत. मशेरी चालू असेल, तर ते परत येतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी घातली. आपण मात्र घरच्या तव्यावर ती भाजत राहिलो. तोंडात पांढरा चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मशेरी सोडायला मदत हवी? १८००-११-२३५६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. एकटीनं जमत नसेल, तर गटानं मिळून सोडूया.