चिकटवहीची खळ

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गाच्या अंगास, विमानतळाला लागून मिहान नांवाचा जो विस्तीर्ण प्रदेश आज दिसतो, तेथें विसाव्या शतकाच्या अखेरीस शेतें होतीं. २००२ सालीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली; शिवणगांव, तेल्हारा, कलकुही, दहेगांव, खापरी इत्यादि खेड्यांच्या जमिनी पुढें ह्या प्रकल्पासाठीं घेतल्या गेल्या, आणि ज्वारी-कपाशीच्या जागीं रुंद रस्ते, कचेऱ्या, कारखाने व मोठें रुग्णालय उभें राहिलें.

श्रोतेहो, अशा ठिकाणच्या एका घरांत पांच वर्षांची मुलगी आईजवळ बसून चिकटवही करीत आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. तिच्यापुढें चार वस्तू मांडलेल्या आहेत: पळसाचें एक वाळलें पान, मेट्रोचें तिकीट, वर्तमानपत्रांतून कातरलेलें विमानाचें चित्र, आणि आजोबांचें जुनें छायाचित्र. छायाचित्रांत आजोबा बैलजोडीपाशीं स्वतःच्या शेतांत उभे आहेत. त्या छायाचित्राची दुसरी प्रत नाहीं. आणि तें शेतहि आतां नाहीं. हाताला येईल त्या बाटलींतील चिकट पदार्थानें ह्या चारहि वस्तू चिकटवाव्या काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचें उत्तर चुकलें तर चौथ्या वस्तूचें नुकसान कायमचें होतें.

म्हणून चिकटविण्याचें द्रव्य निवडण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. मुलाचा हात तोंडांत गेला तर तें द्रव्य अपाय करील काय? त्यानें कागदास सुरकुत्या पडतील काय? आणि उद्यां चूक कळली, तर चिकटलेलें पुन्हां सोडवितां येईल काय?

पहिल्या कसोटीस घरची खळ पूर्णपणें उतरते. एक भाग मैदा घेऊन त्यांत पांच-सहा भाग थंड पाणी थोडें थोडें घालावें व गुठळी राहणार नाहीं असें कालवावें; मग मंद आंचेवर ठेवून सारखें ढवळीत राहावें. उष्णता लागतांच पिठांतील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, मिश्रण दाट व किंचित् पारदर्शक होतें, आणि खळ तयार झाली असें समजावें. निवल्यावर ती वापरावी. शीतकपाटांत ती तीन-चार दिवस राहते, आंबूस वास येतांच टाकून द्यावी. ज्या मुलास गहूं सोसत नाहीं त्याच्यासाठीं तांदळाच्या पिठाची खळ करावी. येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. खळीला कीड लागूं नये म्हणून पुस्तकबांधणी करणारे कारागीर तींत मोरचूद मिसळीत. मोरचूद हें विष आहे. मूल ज्या खळींत बोटें बुडविणार, तींत त्याचा कणहि पडतां कामा नये. ती थोडीच करावी व ताजीच वापरावी, हाच तिचा बंदोबस्त.

खळीचा दुसरा गुण असा कीं, ती ओलाव्यानें पुन्हां सुटते. जुने ग्रंथ व हस्तलिखितें दुरुस्त करणारे तज्ज्ञ आजहि गव्हाच्या स्टार्चची शुद्ध खळ पसंत करतात, तें ह्याच कारणामुळें. तिचा दोष मात्र झांकून ठेवूं नये: कसर आणि झुरळें तिच्यावर तुटून पडतात, व पावसाळ्यांत तिला बुरशी येते. पान पूर्ण वाळल्याखेरीज वही मिटूं नये, व ती कोरड्या जागीं ठेवावी.

डिंकाचें नातें विदर्भाशीं जवळचें आहे. येथील रानांतल्या धावड्याचा डिंक व बाभळीचा डिंक घरोघर परिचित. बाळंतिणीच्या लाडवांत पडणारा पदार्थ मुलाच्या हातीं देण्यास भय कसलें? परंतु बाजारच्या बाटलींतील डिंकांत तो टिकावा म्हणून औषधें घातलेलीं असतात. तो खाण्याचा डिंक नव्हे, हें लक्षांत ठेवावें. शिवाय डिंक पातळ असल्यामुळें कागद भिजून सुरकुततो. त्याचा सुकलेला थर कांचेसारखा ठिसूळ होतो; नागपूरचा पारा वैशाखांत ४५ अंशांच्या घरांत गेला कीं तो तडकतो व चित्र गळून पडतें. उलट श्रावणांत तोच थर ओल धरून चिकट होतो व समोरासमोरचीं पानें एकमेकांस बिलगतात.

आतां बाजारच्या पांढऱ्या चिकटद्रव्याविषयीं. पॉलिव्हिनिल ॲसिटेट हा पदार्थ जर्मनींत फ्रिट्झ क्लाटे ह्यानें १९१२ सालीं शोधून काढला. आपल्याकडे १९५९ सालीं निघालेलें फेविकॉल ह्याच जातीचें. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, तापवून लावावा लागणारा सरस सुतारांच्या हातून त्यानें सोडविला. पळसाचें जाड पान, पीस, कापडाचा तुकडा ह्यांना असेंच बळकट द्रव्य हवें. परंतु तें एकदां वाळलें म्हणजे पाण्यानें नीट सुटत नाहीं, आणि जास्त लागल्यास कागद वर-खालीं होतो. म्हणून मुलाच्या हातीं बाटली न देतां झांकणांत थेंबभर काढून कुंच्यानें लावावयास द्यावें.

तिकिटास व वर्तमानपत्राच्या चित्रास ग्लू स्टिक सर्वांत सोयीची. १९६९ सालीं जर्मनींतील हेंकेल कंपनीनें ओठांच्या रंगाच्या कांडीवरून ही कल्पना घेऊन ती बाजारांत आणली. तींत पाणी कमी असल्यानें कागद फारसा सुरकुतत नाहीं, व सांडण्याची भीति नसते. काम होतांच टोपण लावावें, नाहीं तर ह्या कोरड्या हवेंत कांडी लवकर वाळते. टोपण लहान मुलाच्या घशांत अडकूं शकतें, म्हणून तीन वर्षांच्या आंतील मुलाजवळ तें सोडूं नये.

तीन वस्तू मात्र मुलाच्या हातीं देऊं नयेत. रबराचें द्रावण व तत्सम उग्र वासाचीं द्रव्यें, कारण त्यांची वाफ अपायकारक; क्षणांत चिकटणारें द्रव्य, कारण बोटें व पापण्याहि तें क्षणांतच चिकटवितें; आणि पारदर्शक चिकटपट्टी. ती मुलाला इजा करीत नाहीं, पण कांहीं वर्षांनीं पिवळी पडते व तिचा डाग कागदांत मुरतो.

चिकटविण्याची रीतहि मुलास शिकवावी. खालीं रद्दी कागद ठेवून चित्र पालथें घालावें; मधून कडांकडे पातळ हात फिरवावा; चित्र वहींत ठेवून मधूनच बाहेर दाबीत न्यावें; वर कोरा कागद घालून जड पुस्तक ठेवावें. त्या वेळीं कूलरचा झोत पानावर येऊं देऊं नये, एक बाजू आधीं सुकली कीं कागद वांकतो.

राहिलें आजोबांचें छायाचित्र. जुन्या छायाचित्राचा चित्रथर बहुधा जिलेटिनचा असतो. तो ओलाव्यानें फुगतो व समोरच्या पानास चिकटून निघून येतो. म्हणून त्यास खळ नको, डिंक नको, कोणतेंहि द्रव्य नको. चार कोपऱ्यांस कागदाचे चार त्रिकोणी खिसे करून त्यांत तें बसवावें. चिकटवावयाचे ते खिसे, छायाचित्र नव्हे. त्याहूनहि बरें म्हणजे त्याची प्रत काढून मुलीला द्यावी व मूळ चित्र कपाटांत जपावें. प्रतीवर ती मनसोक्त खळ फांसूं शकेल, चुकूं शकेल, पुन्हां करूं शकेल.

मुलाला चिकटविण्याचा आनंद हवा असतो, वडीलधाऱ्यांना चिकटलेलें टिकावें असें वाटतें. दोन्ही इच्छा रास्त आहेत. ती मुलगी मोठी होऊन वही उघडील तेव्हां पळसाचें पान कदाचित् चुरलेलें असेल, विमानाचें चित्र पिवळें पडलेलें असेल. आजोबा मात्र आपल्या शेतांत, बैलांपाशीं, जसेच्या तसे उभे असले पाहिजेत.