पाचवीच्या आणि आठवीच्या दारात





आपले वाशिम ही प्राचीन वत्सगुल्माची भूमी. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इथला सर्वसेन राजा प्राकृतात काव्य लिहीत असे. पुढे याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. आपल्या जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे. या वैभवाचा मला अभिमान आहे. पण दुसरी एक नोंदही मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा 2018 मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम अशी चार नावे तीत होती. त्या कार्यक्रमात शिक्षण मोजायचे जे निकष ठरले, त्यांत एक निकष असा आहे: प्राथमिक शाळेतून उच्च प्राथमिकमध्ये आणि तिथून माध्यमिकमध्ये किती मुले पोहोचतात? आजची परिषद याच प्रश्नासाठी बोलावली आहे.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते. त्या दिवशी आपल्या गावोगावच्या शाळांत पहिलीच्या मुलांचा प्रवेशोत्सव होतो. तोरणे लागतात, मुलांच्या हाती फूल आणि पुस्तक येते, कुठे बैलगाडीतून मिरवणूकही निघते. 2022 पासून तर ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात आणि त्यात आयांचे गट तयार होतात. फार चांगले काम आहे हे. त्याच सकाळी त्याच गावातले चौथी पास झालेले मूल दप्तर घेऊन फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे असते. त्याच्यासाठी तोरण नसते आणि मेळावाही झालेला नसतो. खरे तर पहिलीच्या मुलापेक्षा त्याच्या आयुष्यात त्या दिवशी जास्त बदल होत असतो.

काय बदलते, ते जरा त्याच्या जागी बसून पाहू. गावातल्या दोनशिक्षकी शाळेत त्याच्या वर्गात सात-आठ मुले होती. एकच गुरुजी सगळे विषय शिकवत. त्या गुरुजींना त्याच्या बापाचे नाव, घरचे शेत, आजीचे आजारपण सगळे ठाऊक होते. आता साठ मुलांची तुकडी. दर तासाला घंटा वाजते, एक सर जातात, दुसऱ्या मॅडम येतात. कोणत्या विषयाला कोणती वही, हे कळेपर्यंत पोळा येतो. चार वर्षे मराठीतून केलेले गणित सेमी-इंग्रजीच्या तुकडीत एकदम इंग्रजीतून समोर येते. आणि ज्या मुलाला भागाकार अजून नीट जमलेला नाही, त्याला तो जमत नाही हे सांगायला धीर होत नाही, कारण आता सांगायचे कोणाला हेच त्याला माहीत नसते. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते. तांड्याच्या शाळेतल्या गुरुजींना ती कळायला लागलेली असते. नव्या शाळेत ते मूल गप्प बसते आणि आपण त्याच्या नावापुढे ‘अबोल’ असा शेरा मारून मोकळे होतो.

यात आपल्या रचनेचाही वाटा आहे. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे मानतो, 2020 चे राष्ट्रीय धोरणही पाचवीनंतर आणि आठवीनंतर टप्पा बदलते. आपल्या शाळा मात्र जुन्या हिशोबाने उभ्या आहेत: चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत जिल्हा परिषद, पुढे पाचवी ते दहावी किंवा आठवी ते दहावीचे हायस्कूल. कायदा पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी म्हणतो. पण पाचवीलाच गाव सोडणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत. त्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, आणि फेरपरीक्षेतही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहते. म्हणजे ज्या वर्षी शाळा नवी, त्याच वर्षी मागे ठेवण्याची भीतीही नवी. परीक्षा असावी की नसावी, यावर या सभागृहात दोन मते असतील. पण ज्या मुलाला आपण नव्या शाळेत रुळू दिले नाही, त्याला वर्षअखेर नापास करणे अन्यायाचे आहे, हे माझे ठाम मत आहे.

खर्चाचेही तसेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळणारा मोफत गणवेश खाजगी अनुदानित शाळेत गेल्यावर बंद होतो. शालेय पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तके आठवीला संपतात. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी नववीच्या पुस्तकांचा खर्च बापाला जड जातो आणि घरात पहिला विचार मुलीला थांबवायचा होतो. घरी बसलेली मुलगी दोन-तीन वर्षांत लग्नाच्या बोलणीत सापडते. पाचवीपासून मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आहेत, आठवीत परीक्षा देऊन नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये देणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे, सहावीला नवोदय आहे. पण हे सगळे आईबापांना आधी, वेळेवर आणि त्यांच्या भाषेत कोण सांगणार? दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला हंगामी वसतिगृहाची माहिती फेब्रुवारीत मिळून काय उपयोग?

या मातीत याचे उत्तर शोधलेले एक मोठे नाव आहे. पापळसारख्या खेड्यात 1898 साली जन्मलेले पंजाबराव देशमुख. गावची शाळा संपली तसे ते चांदूर रेल्वेला, मग आपल्या कारंजाला आणि पुढे अमरावतीच्या हिंदू हायस्कूलला गेले. गाव सोडून शिकणे म्हणजे काय, हे त्यांनी भोगले होते. म्हणूनच पुढे अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उभे केले आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू झाली. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी आणि त्यांच्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांवरच भर दिला. खेड्यातल्या मुलासाठी शाळेची इमारत पुरत नाही, तिथे त्याचे कोणीतरी असावे लागते, हे या तिघांनीही ओळखले होते.

आज प्रत्येक गावासाठी वसतिगृह काढणे आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते दोन शाळांनी एकमेकींशी बोलणे. मूल देणाऱ्या शाळेतून मूल घेणाऱ्या शाळेत आज फक्त दाखला जातो. त्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, वर्तणूक ‘चांगली’ असते. मूल वाचते कसे, अडते कुठे, रमते कशात, घरी कोणती भाषा बोलते, शेतीच्या दिवसांत घरी कोण असते, यातले काहीच नसते. चौथीच्या गुरुजींनी प्रत्येक मुलाविषयी एक पानभर लिहावे आणि पाचवीच्या वर्गशिक्षकांनी शाळा उघडण्याआधी ते वाचावे. साठ पाने वाचायला एक दुपार लागते.

मार्चमध्ये परीक्षेआधी चौथी-सातवीची मुले एक दिवस हायस्कूलला नेऊन आणावीत. प्रयोगशाळा, ग्रंथालय दाखवावे, आणि पिण्याचे पाणी व मुलींचे स्वच्छतागृह कुठे आहे तेही दाखवावे. अनोळखी शाळेत दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पहिले पंधरा दिवस नवा धडा उघडू नये. त्या दिवसांत मुलांना शिक्षकांची नावे कळावीत, वेळापत्रक समजावे, वह्या लागाव्यात, राहिलेला भागाकार आणि अपूर्णांक पक्के व्हावेत. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड अशी आपल्या जिल्ह्यातूनच जाते. तीत नवख्याला जुने वारकरी आपल्या रांगेत घेतात, कुठे थांबायचे, कुठे पाणी आहे ते सांगतात. तसा एकाच गावचा नववीतला दादा किंवा ताई पाचवीतल्या मुलाला नेमून द्यावी. एसटीत जागा धरण्यापासून घरी परत पोहोचेपर्यंत ती जोडी राहिली, तर निम्मी भीती तिथेच जाईल. आणि पालकसभा हायस्कूलच्या सभागृहात सकाळी अकराला न घेता गावातल्या पारावर संध्याकाळी घ्यावी. मजुरी करणारी आई तिथेच येऊ शकते.

यातल्या कशालाही मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

दोन दिवसांच्या या परिषदेत तज्ज्ञ मंडळी बोलतील, आपण चर्चा कराल, ठरावही होतील. निवासात किंवा भोजनात काही उणे राहिले तर ते आमच्या पदरात घाला, आमचे कार्यकर्ते आपल्या दिमतीला आहेत. स्वागताध्यक्ष म्हणून माझी एकच विनंती आहे. दुपारच्या जेवणाला बसताना प्राथमिकच्या गुरुजींनी आपली मुले ज्या हायस्कूलला जातात, तिथल्या शिक्षकांच्या शेजारी बसावे. ताटावरून उठण्याआधी मुलांच्या भेटीची तारीख ठरवावी, आणि ती दोन्ही शाळांच्या फळ्यांवर लिहावी.